कॅमेरा घेऊन नेपाळांत : निघण्यापूर्वींचे कांहीं विचार

प्रवासाचीं वर्णनें बहुधा प्रवासी परत आल्यावर लिहितो, आणि तींच वाचण्याची आपणां सर्वांस संवय आहे. निघण्यापूर्वीं घरीं बसून जी आंखणी करावी लागते ती मात्र कोणी सांगण्यासारखी समजत नाहीं. तिकिटें, सामान आणि पैसे ह्यांचा तो हिशेब, एवढेंच तिचें मोल मानिलें जातें. परंतु डोंगराळ देशांत छायाचित्रें काढण्यासाठीं जावयाचें असेल, तर कोठें थांबावयाचें, किती दिवस थांबावयाचें आणि कोठून परत फिरावयाचें, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें घरींच ठरवावीं लागतात. उंचावर पोंचल्यानंतर तीं ठरविण्याइतकें आपलें डोकें शांत राहतेंच असें नाहीं.

येत्या आश्विनांत प्रस्तुत लेखक सपत्नीक नेपाळांत जाणार आहे. शाळेंत मीं पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. कालिदासाचा हिमालय मुलांकडून अन्वयासह वाचून घेतला, त्यांतले समास सोडविले. पण हिमशिखर म्हणून प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. निवृत्तीनंतर छायाचित्रणाचा नाद लागला, मुलानें एक बरा कॅमेरा आणून दिला, आणि सह्याद्रीचे कडे व कोंकणांतलीं देवळें झाल्यावर मन उत्तरेकडे धांवूं लागलें. आमच्या सौभाग्यवतींचा हेतु वेगळा. आमच्या देवघरांतला शाळिग्राम त्या जवळजवळ चाळीस वर्षें पूजीत आल्या आहेत. तो ज्या नदींतून आला ती नदी पाहावी आणि मुक्तिनाथाचें दर्शन घ्यावें, ही त्यांची इच्छा. एकाला प्रकाश हवा, दुसऱ्याला दर्शन. आणि दोघांच्या मध्यें आमचे डॉक्टर. "मुक्तिनाथ बारा हजार फुटांच्या वर आहे, आणि वहिनींचा रक्तदाब तुम्हांला ठाऊक आहे," एवढेंच ते म्हणाले. जाऊं नका असें ते म्हणाले नाहींत. पण त्या एका वाक्यानें सगळ्या आंखणीचें स्वरूप पालटलें.

प्रथम देशाविषयीं थोडेंसें. नेपाळ पूर्वपश्चिम सुमारें आठशें किलोमीटर लांब आहे. दक्षिणोत्तर रुंदी मात्र बहुतेक ठिकाणीं दीडशें ते अडीचशें किलोमीटर. एवढ्या अरुंद पट्ट्यांत समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांहूनही कमी उंचीची तराई आहे आणि ८,८४८.८६ मीटर उंचीचें सगरमाथाही आहे. आठ हजार मीटरांवरच्या जगांतील चौदा शिखरांपैकीं आठ ह्या देशांत किंवा त्याच्या सीमेवर उभीं आहेत. भारतीयांस तेथें जावयास व्हिसा लागत नाहीं. विमानानें जाणाऱ्यानें पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचें ओळखपत्र जवळ ठेवावें. नेपाळचें घड्याळ गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलें असल्यामुळें तें आपल्याहून पंधरा मिनिटें पुढें असतें. इतर प्रवाशांस ही केवळ गंमत वाटेल. पण सूर्योदयासाठीं टेकडीवर जाऊन उभें राहणाऱ्यास पंधरा मिनिटें म्हणजे सर्वस्व आहे. म्हणून विमानांतून उतरतांच कॅमेऱ्याचें घड्याळ बदलावयाचें, अशी पहिली नोंद मीं वहींत केली आहे.

आतां ऋतूचा विचार. हिमशिखरांचे दर्शनकाळ मुख्यतः दोन : शरद् आणि वसंत. वसंतांत डोंगरउतारांवर गुरांसाचीं लाल फुलें फुलतात. हें नेपाळचें राष्ट्रीय पुष्प. पण त्या दिवसांत वणव्यांचा धूर आणि धूळ ह्यांनीं दूरचीं शिखरें पुष्कळदां पुसट होतात. उलट ऑक्टोबराच्या आरंभाच्या सुमारास पाऊस ओसरला म्हणजे हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते. आपल्या नवरात्राच्या वेळीं तेथें दशैंचा मोठा सण असतो. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत तो चालतो, कचेऱ्या बंद असतात, आणि सारा देश आपापल्या गांवीं जावयास निघाल्यामुळें गाड्यांत जागा मिळणें कठीण. तेव्हां सणाचा जोर असतांना काठमांडूच्या खोऱ्यांत राहावें, कोजागिरीस पोखऱ्यास असावें, आणि पुढचा डोंगरांतला प्रवास नंतर करावा, असें ठरविलें. पौर्णिमेच्या चांदण्यांत बर्फ स्वतःच प्रकाश देत असल्यासारखें दिसतें असें ऐकतों. तिपाईवर कॅमेरा स्थिर ठेवून दहावीस सेकंद पडदा उघडा ठेवला, तर तें चित्रांत उतरतें.

शरद् ऋतु स्वच्छ असला तरी बेभरंवशाचा आहे, हेंही लक्षांत ठेवावयास पाहिजे. १४ ऑक्टोबर २०१४ रोजीं बंगालच्या उपसागरांतून आलेल्या हुडहुड वादळाच्या अवशेषांनीं अन्नपूर्णेच्या परिसरांत प्रचंड हिमवर्षाव केला. ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीच्या आसपास प्रवासी व वाटाडे मिळून चाळीसांहून अधिक माणसें त्या हिमवादळांत व हिमकड्यांखालीं दगावलीं. ह्याच खिंडीच्या पश्चिम पायथ्याशीं मुक्तिनाथ आहे. आम्हीं खिंड ओलांडणार नाहीं. तरीही चौदा दिवसांपैकीं दोन दिवस कोणत्याही कामास न लावतां मोकळे ठेविले आहेत. वेळापत्रक गच्च भरलेलें असलें, म्हणजे माणूस आकाशाकडे न पाहतां कागदाकडे पाहून निघतो, आणि अनर्थ बहुधा तेथूनच सुरू होतो.

ऋतूनंतर दिशा. नकाशा पुढें घेऊन थोडा विचार केला, तर पोखरा हें छायाचित्रकाराचें गांव कां, तें उमगतें. गांव आठशें-नऊशें मीटरांवर. उत्तरेस सरळ रेषेंत सुमारें पंचवीस किलोमीटरांवर ६,९९३ मीटरांचें माछापुच्छ्रे, आणि त्याच्या मागेंपुढें अन्नपूर्णेची रांग. तिचें मुख्य शिखर ८,०९१ मीटर. एवढ्या थोड्या अंतरांत सहा हजार मीटरांची चढ एका दृष्टिक्षेपांत दिसावी, असें स्थळ पृथ्वीवर क्वचित् आढळतें. शिखरें उत्तरेस, आणि सूर्य आश्विनांत पूर्वेच्या किंचित् दक्षिणेकडून उगवून दक्षिणेच्या बाजूनें फिरणारा. त्यामुळें आपल्याकडे वळलेल्या हिमभिंतीवर सकाळीं तिरपें ऊन पडतें आणि प्रत्येक घडी, प्रत्येक कंगोरा उठून दिसतो. दुपारीं तेंच ऊन समोरून सरळ पडलें म्हणजे सारें सपाट. शिवाय नऊदहाच्या सुमारास ढग वर चढूं लागतात. म्हणून सुमारें सोळाशें मीटरांवरच्या सारंगकोट टेकडीवर सूर्योदयापूर्वीं पाऊण तास पोंचावयाचें, नऊ वाजतां खालीं यावयाचें, आणि असें सलग तीन दिवस करावयाचें. एका दिवसांत तीन टेकड्या पाहण्यापेक्षां एका टेकडीवर तीन सकाळीं घालविणें आमच्या गुडघ्यांसही मानवेल.

माछापुच्छ्रे म्हणजे मत्स्यपुच्छ; संस्कृताच्या शिक्षकास हें नांव ओळखण्यास कोश लागत नाहीं. मौज अशी कीं, पोखऱ्यांतून हें शिखर एकाच सुळक्यासारखें दिसतें. माशाच्या शेपटाचीं दोन टोकें दिसावयास हवीं असतील, तर पश्चिमेकडे सरकून घांद्रुकसारख्या गुरुंग लोकांच्या गांवीं जावें लागतें. तें सुमारें दोन हजार मीटरांवर आहे, आणि आतां तेथवर गाडीचा रस्ताही झाला आहे. म्हणून एक मुक्काम तेथें धरला.

ह्या शिखराची एक हकीकत वाचल्यापासून ती मनांतून जात नाहीं. १९५७ सालीं जिमी रॉबर्ट्स ह्यांच्या नेतृत्वाखालीं एक ब्रिटिश तुकडी त्यावर चढावयास गेली. विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स हे दोघे माथ्याच्या अगदीं जवळ पोंचले आणि थोडेंसें अंतर शिल्लक असतांना मागें वळले. हें शिखर तेथील लोकांस पवित्र. त्याच्या माथ्यावर पाऊल ठेवणार नाहीं, असें वचन त्यांनीं आधींच दिलेलें होतें. पुढें नेपाळ सरकारनें तें शिखर गिर्यारोहणास बंद केलें. मला ह्यांत विशेष वाटतें तें असें कीं, मागें फिरण्याची जागा त्यांनीं डोंगराखालीं असतांना मान्य केली होती. माथा समोर दिसूं लागल्यावर जो निर्णय करूं म्हणेल, त्याच्या हातून तो होणें कठीण.

हाच न्याय मुक्तिनाथाच्या वाटेला लावावयाचा, असें आम्हीं ठरविलें आहे. पोखऱ्याहून पश्चिमेस वळून काळी गंडकीच्या खोऱ्यांत शिरलें, म्हणजे एका हातास ८,१६७ मीटरांचा धवलगिरि आणि दुसऱ्या हातास अन्नपूर्णा, अशा दोन महाशिखरांच्या मधून नदी वाहते. भूवैज्ञानिक म्हणतात कीं, पर्वत उंचावण्यापूर्वींपासून ही नदी तेथें होती, आणि पर्वत जसजसा वर आला तसतशी ती त्यास कापीत गेली. शाळिग्राम सांपडतात ते ह्याच खोऱ्यांत. ज्यास आपण विष्णूचें चक्र म्हणून पूजितों, तें शास्त्रज्ञांच्या दृष्टीनें अमोनाइट नांवाच्या शंखधारी जलचराचें अश्मीभूत कवच. दहाबारा कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वीं येथें टेथिस नांवाचा समुद्र होता, त्याच्या तळाशीं हे जीव निजले, आणि तोच तळ पुढें हिमालय होऊन वर आला. हें मीं घरांत वाचून दाखविलें तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे क्षीरसागर खरा होता तर!" ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि तें शोधण्याची गरजही वाटली नाहीं.

खरी काळजी उंचीची. पोखऱ्याहून निघून एकाच दिवसांत मुक्तिनाथ गांठणें हल्लीं गाडीनें शक्य झालें आहे, आणि तेंच धोक्याचें आहे. शरीर विरळ हवेस हळूहळू सरावतें. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा एका दिवसांत पांचशें मीटरांहून अधिक चढवूं नये, असा वैद्यकाचा सर्वसाधारण नियम आहे. डोकें दुखणें, मळमळणें, झोंप न लागणें हीं पहिलीं लक्षणें; तीं दिसल्यावर वर जाऊं नये, आणि वाढलीं तर विलंब न करतां खालीं उतरावें. त्यावर खालीं उतरण्यासारखा उपाय नाहीं. म्हणून आमचा क्रम असा : पहिला मुक्काम तातोपानी, बाराशें मीटरांच्या आसपास, जेथें उन्हाळीं आहेत. पुढें मार्फा, सुमारें २,६७० मीटर, तेथें दोन रात्री. हें चुन्यानें रंगविलेल्या घरांचें आणि सफरचंदांच्या बागांचें गांव. मग कागबेनी, सुमारें २,८०० मीटर, तेथें पुन्हा दोन रात्री. कागबेनीहून सकाळीं गाडीनें मुक्तिनाथास जावयाचें, दर्शन घ्यावयाचें आणि निजावयास कागबेनीसच परत यावयाचें. राणीपौव्यापासून देवळापर्यंतची चढण घोड्यावरून करतां येते. रक्तदाबाचें यंत्र बरोबर राहील. मार्फ्यास आणि कागबेनीस रोज सकाळीं तें लावावयाचें, आणि डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या आंकड्याच्या वर कांटा गेला किंवा डोकें दुखूं लागलें, तर वाद न घालतां परतावयाचें. हा नियम दोघांसही सारखाच लागू. माझें डोकें दुखलें तर माझा कॅमेराही परतेल.

ह्या खोऱ्याचा वाराही ध्यानांत घेण्याजोगा आहे. दुपारच्या आधींपासून दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत धूळ उडवीत राहतो. जोमसोमचीं विमानें ह्याच कारणानें सकाळींच येतात-जातात. तेव्हां उघड्यावर भिंग बदलावयाचें नाहीं, आणि दुपारची वेळ गांवांतल्या बोळांत व घरांच्या आडोशास काढावयाची. बर्फाचें चित्र घेतांना कॅमेऱ्याचें प्रकाशमापक फसतें. तें सर्व जगास मध्यम करडें समजतें, म्हणून पांढरें बर्फ मळकट उतरतें. त्यासाठीं प्रकाश एक ते दीड स्टॉप वाढवावा लागतो. थंडींत बॅटरीचा जोर लवकर ओसरतो. दोन जादा बॅटऱ्या रात्रीं पांघरुणांत आणि दिवसां आंतल्या खिशांत ठेवाव्या. गारठलेला कॅमेरा एकदम उबदार खोलींत उघडल्यास त्यावर दंव धरतें; म्हणून तो पिशवींत बंद ठेवूनच आंत न्यावा आणि तासाभरानें काढावा. इटलीचे वित्तोरिओ सेल्ला १८९९ सालीं कांचनगंगेच्या प्रदक्षिणेस गेले, तेव्हां त्यांनीं कांचेच्या पट्ट्या माणसांच्या पाठीवरून वाहून नेल्या होत्या. त्या मानानें आपलें ओझें तें काय! एक कॅमेरा, दोन भिंगें, एक हलकी तिपाई. ह्याहून अधिक न्यावयाचें नाहीं.

ओझ्याप्रमाणें चित्रांसही मर्यादा असावी. कोठें कॅमेरा पिशवींत जाईल, ह्याचीही यादी मीं केली आहे. पशुपतिनाथाच्या मुख्य देवळांत छायाचित्र घेण्यास मनाई आहेच. पण समोर बागमतीच्या कांठीं आर्यघाटावर चिता जळत असतात, आणि पैलतीरावरून त्यांचीं चित्रें घेणारे प्रवासी पुष्कळ असतात. तेथें मनाईच्या पाटीची वाट पाहूं नये. आपल्या गांवच्या स्मशानांत कोणी परका कॅमेरा रोखून उभा राहिला तर आपणांस काय वाटेल, एवढें मनांत आणिलें म्हणजे पुरे. काठमांडूच्या कुमारीघरांतील जिवंत कुमारी खिडकींत आली, तरी तिचें चित्र घ्यावयाचें नाहीं, असा तेथील दंडक आहे. वाटेवरच्या माणसांविषयीं म्हणाल, तर "फोटो खिच्न हुन्छ?" एवढें नेपाळी वाक्य पाठ केलें आहे, मान हलली तर चित्र, न हलली तर नमस्कार. परवाना लागतो तो केवळ सरकारचाच असें नाहीं. सरकारचाही लागतो हें खरें. १९८६ सालीं स्थापन झालेलें अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र ७,६२९ चौरस किलोमीटरांचें आहे, आणि घांद्रुक काय, मुक्तिनाथ काय, त्याच्याच हद्दींत येतात. त्याचें प्रवेशपत्र भारतीयांसही काढावें लागतें.

येथें कोणी विचारील कीं, इतकीं बंधनें घालून घ्यावयाचीं, तर मग चित्रें तरी कशाला काढावयाचीं? बाजारांत ह्या शिखरांचीं आपल्याहून शतपट उत्तम चित्रें मिळतात. ह्याचें उत्तर मला एका प्रयोगानें दिलें. एर्विन श्नायडर आणि फ्रिट्झ म्यूलर ह्या दोघां अभ्यासकांनीं १९५० नंतरच्या दशकांत सगरमाथ्याच्या परिसरांतील हिमनद्यांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. २००७ सालीं ॲल्टन बायर्स हे भूगोलज्ञ तीं चित्रें हातांत घेऊन त्याच जागीं जाऊन उभे राहिले आणि त्यांनीं पुन्हा चित्रें घेतलीं. जेथें पूर्वीं बर्फ आणि चारदोन डबकीं होतीं, तेथें इम्जा नांवाचें एक मोठें सरोवर झालेलें दिसलें. तें फुटून खालचीं गांवें वाहून जाऊं नयेत म्हणून २०१६ सालीं त्याची पातळी तीन मीटरांहून अधिक उतरवावी लागली. लांगटांगमधील याला हिमनदी १९७० नंतर दोनतृतीयांशांच्या आसपास घटली, आणि २०२५ च्या मे महिन्यांत तिच्यापाशीं जमून शास्त्रज्ञांनीं व गांवकऱ्यांनीं तिची स्मृतिशिला बसविली. नदीचें श्राद्ध करण्याची वेळ आपल्या पिढीवर यावी, हें वाचून मन विषण्ण झालें.

श्नायडर व म्यूलर ह्यांचीं चित्रें उपयोगीं पडलीं तीं सुंदर होतीं म्हणून नव्हे. तीं कोठून आणि केव्हां घेतलीं हें ठाऊक होतें म्हणून. हें काम शाळामास्तरास जमण्यासारखें आहे. प्रत्येक चित्रामागें वहींत तारीख, वेळ, जागा, आणि कॅमेरा कोणत्या दिशेस होता एवढें लिहावयाचें. भक्तपुरांतील न्यातपोल हें पांच मजली देऊळ १७०२ सालच्या सुमारास भूपतींद्र मल्लानें बांधलें. १९३४ आणि २०१५ ह्या दोन्ही सालच्या भूकंपांतून तें उभें राहिलें. काठमांडूचा काष्ठमंडप मात्र २०१५ सालीं कोसळला व पुन्हा उभारावा लागला. आज उभें आहे तें उद्यां असेलच असें नाहीं, मग तें देऊळ असो कीं हिमनदी. आपल्या नातवंडांपैकीं कोणी पन्नास वर्षांनीं तीच वही घेऊन सारंगकोटावर उभें राहील, तर आजचें बर्फ कोठपर्यंत होतें, हें त्यास ताडून पाहतां यावें. एवढ्यासाठीं एक साधें, नीट नोंदलेलें चित्र पुरे आहे.

राहतां राहिला एक प्रश्न, आणि तो विचारण्याचें धैर्य मला पुष्कळ दिवस झालें नाहीं. चित्र हुकलें तर मी फार तर हळहळेन. पण मुक्तिनाथाच्या चार कोसांवरून परत फिरावें लागलें तर चाळीस वर्षांच्या पूजेचें काय? शेवटीं एके दिवशीं नकाशावर बोट ठेवून विचारलेंच. त्यांनीं चष्मा लावून कागबेनी पाहिलें, नदीची निळी रेघ त्या गांवाला लागून जाते हें पाहिलें, आणि म्हणाल्या, "शाळिग्राम देवळांतून थोडाच येतो? तो नदींतून येतो. कागबेनीस गंडकीचें स्नान झालें तरी माझी यात्रा झाली. वर बोलावणें असेल तर जाऊं." मग त्यांनींच पेन्सिल घेऊन कागबेनीभोंवतीं एक वर्तुळ काढलें. आमच्या आंखणींतला परत फिरण्याचा मुक्काम अशा रीतीनें निश्चित झाला आहे.

तिकिटें काढलीं आहेत. वही कोरी आहे. चित्रें बरीं निघालीं, तर परत आल्यावर त्यांतलीं चारदोन, तारीख आणि दिशेसह, संपादकांच्या अनुज्ञेनें वाचकांपुढें ठेवूं.